चौदा नंबरच्या बेडजवळ थांबवत नाही

«सिस्टर, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग लागून पाच आठवडे झाले. वर्गात मला सगळं येतं, पण वॉर्डात पाय ठेवला की हात कापायला लागतात. बीपी घेताना आवाजच ऐकू येत नाही. एकदा इन्चार्ज सिस्टर पेशंट आणि नातेवाइकांसमोर म्हणाल्या, "तुला कुणी घेतलं नर्सिंगला?" चौदा नंबरच्या बेडवर एक आजोबा होते. नऊ दिवस मीच त्यांचं सगळं करत होते. सुट्टीनंतर आले तर बेडवर दुसरंच कुणी. स्टाफ सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "ते गेले परवा," आणि औषधं मोजायला लागल्या. मी लिनन रूममध्ये जाऊन रडले. तेव्हापासून त्या बेडजवळ थांबवत नाही. तिथे आता जे आहेत त्यांचं तोंडही मी नीट पाहिलेलं नाही. दोनदा बरं नाही असं सांगून ड्युटी बुडवली. रात्री झोप लागत नाही. काल वापरलेल्या सुईला टोपण लावताना बोटाला टोचली, ओरडा बसेल म्हणून कुणाला बोलले नाही. नुसतं टेन्शन, टेन्शन झालंय. बाकीच्या मुलींना जमतं, मलाच का जमत नाही? या कामाला दगडच व्हावं लागतं का? तसं असेल तर मी आत्ताच सोडते.»

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुला घाईने निरोप पाठवला, तो फक्त सुईबद्दल होता. तू लगेच जाऊन सांगितलंस आणि रक्त तपासायला दिलंस हे कळलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तरी ते इथे पुन्हा लिहिते. टोचलेली सुई लपवणारी तू पहिली नाहीस, आणि तुझ्या बाकीच्या प्रश्नांना चार दिवस थांबता येतं, याला येत नाही.

वापरलेली सुई टोचली की ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. दाबून, पिळून रक्त काढत बसायचं नाही. हातातलं काम दुसऱ्याकडे द्यायचं आणि त्याच ड्युटीत, तिथल्या तिथे सांगायचं. तुझी हेपटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे का, पेशंटचे रिपोर्ट काय आहेत, हे बघून पुढचं ठरतं. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तरी संसर्गाची शक्यता हजारात साधारण ३ इतकी असते. म्हणजे कमी असते. ती आणखी कमी करणारी औषधं मिळतात, पण ती पहिल्या काही तासांत सुरू झाली तर खरा उपयोग, ७२ तास उलटल्यावर ती सहसा देत नाहीत. लस न घेतलेल्याला हेपटायटिस बीचा धोका याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा ओरडा बसू दे, तो ऐकून घेता येतो. आणि वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचंच नाही. सुया टाकायचा डबा इंजेक्शन देण्याआधी हाताशी आणून ठेवायचा, म्हणजे टोपणाची आठवणच होत नाही.

आता बाकीचं, सावकाश.

तुझ्या अख्ख्या पत्राला तू शेवटी एकच नाव दिलं आहेस, टेन्शन. हात कापतात ते टेन्शन, सिस्टर बोलल्या ते टेन्शन, आजोबा गेले तेही टेन्शन. मी पत्र दोनदा वाचलं तेव्हा मला त्यात तीन वेगवेगळी दुखणी दिसली. एक, हाताला काम येत नाही याची भीती. दुसरं, चारचौघांत झालेला अपमान. तिसरं, माणूस गेल्याचं दुःख. पोटदुखी, दातदुखी आणि मोडलेलं हाड घेऊन कुणी आलं तर आपण तिघांना एकच गोळी देत नाही. तू मात्र तिन्ही एका गाठोड्यात बांधून डोक्यावर घेतली आहेस, आणि वर स्वतःला म्हणते आहेस की मीच कच्ची. गाठोडं सोडूया.

हातापासून सुरुवात करते, कारण ते सगळ्यात लवकर बरं होणारं आहे.

माझी पहिली पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. एका बाईंचं बीपी घ्यायला मला पाठवलं. मी कफ, म्हणजे बीपीचा पट्टा, दंडाला बांधला, फुगवला, हवा सोडली, आणि कानात नुसता पोकळ आवाज. पुन्हा केलं. पुन्हा तेच. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली, ऐकू आल्यासारखी, आणि चार्टवर १२०/८० लिहिलं. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. थोड्या वेळाने स्टाफ सिस्टरनी चार्ट बघितला, बाईंचा चेहरा बघितला आणि स्वतः बीपी घेतलं. वरचं ८६ होतं. मग धावपळ झाली, सलाइन लागलं, डॉक्टर आले, बाई सावरल्या. त्या सिस्टर मला बाजूला घेऊन गेल्या. मला वाटलं आता काही खरं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ऐकू आलं नव्हतं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाल्या, "कान नाही तर बोटं आहेत की."

त्यांनी शिकवलं ते तुला सांगते. आधी स्टेथोस्कोपच्या कानातल्या काड्या बघ, त्यांचं तोंड पुढे, नाकाच्या दिशेला हवं. घाईत त्या उलट्या घातल्या जातात आणि मग खरंच काही ऐकू येत नाही. पेशंटचा हात टेबलावर किंवा उशीवर टेकव, हृदयाच्या पातळीत. कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या अंगाला, दोन बोटांनी शीर शोध, ठोका लागेपर्यंत पुढे जाऊ नकोस. मग मनगटाची नाडी धरून कफ फुगव. नाडी ज्या आकड्याला लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेव. वरचं बीपी साधारण त्याच आसपास असतं, आणि हे कळायला कान लागत नाहीत. हवा सोडून अर्धा-एक मिनिट थांब. आता स्टेथोस्कोप शिरेवर ठेव, कफ पुन्हा फुगवून मघाच्या आकड्याच्या ३० वर ने, आणि हवा हळूहळू सोड, सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर, त्याहून वेगाने नाही. पहिला ठोका वरचं, ठोके संपतात ते खालचं. कुठे कान लावायचा हे आधीच माहीत असलं की तो आवाज सापडतो. आणि इतकं करून नाहीच ऐकू आलं तर जाऊन सांग, "सिस्टर, मला वरचं नाडीवर इतकं लागलं, आवाज ऐकू आला नाही, एकदा बघता का?" हे वाक्य बोलायला शिकण्याआधी मी एक खोटा आकडा लिहिला आणि एका बाईंचा जीव टांगणीला लागला. तुला तसं होऊ नये.

हात कापणं हे भीतीचं शारीरिक रूप आहे. अंगात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, नाडी पळते, बोटं थरथरतात. ते मनाने थांबवायला गेलीस तर जास्त कापतील. हाताला टेकू दे. कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) असो, इंजेक्शन असो, तळहाताची कड किंवा करंगळी पेशंटच्या हातावर टेकव, मग फक्त दोन बोटांना हलायचं काम राहतं. ट्रे बेडजवळ नेण्याआधी पूर्ण लाव, लागतील त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. अर्धी थरथर "अरे, कापूस राहिला" यातून येते. पेशंटच्या खोलीत शिरण्याआधी हात चोळतेस ना, ते सॅनिटायझर चांगलं चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. तेवढा वेळ तुझा आहे. श्वास घेतलास त्यापेक्षा सावकाश सोड, तीनदा. हात धुताना तुला कुणी टोकणार नाही.

बाकीच्या मुलींना जमतं म्हणतेस. तू त्यांना वॉर्डात बघतेस, लिनन रूममध्ये नाही. तुलाही तिथे कुणी पाहिलं नाही, मग त्यांच्या दृष्टीने तुलाही जमतंच आहे. मी इतकी वर्षं मुलींना आणि मुलांना वॉर्डात शिकवते आहे. ज्यांच्या हाताला कधीच कंप सुटत नाही अशांची मला जास्त काळजी वाटते. आणि इन्चार्ज सिस्टरशी तर स्वतःची तुलना करूच नकोस. पॅट्रिशिया बेनर या नर्सने १९८४ साली नर्सच्या शिकण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवरची विद्यार्थिनी नियम धरून चालते, कारण तिच्याकडे अजून अनुभवाचा साठा नाही. शेवटच्या पायरीवरची दारातून नजर टाकते आणि म्हणते, "सहा नंबर मला बरा दिसत नाही." का, ते तिलाही पटकन सांगता येत नाही. ती नजर वर्षानुवर्षांच्या पेशंटमधून तयार होते. तुझे पाच आठवडे झालेत. तू नियम धरून चालते आहेस, म्हणजे जिथे असायला हवं तिथेच आहेस.

आता त्या वाक्याबद्दल. "तुला कुणी घेतलं नर्सिंगला?"

वॉर्डात मोठ्याने बोलणं दोन प्रकारचं असतं. तू चुकीच्या पेशंटला औषध द्यायला निघालीस आणि कुणी "थांब!" म्हणून ओरडलं तर तो ओरडा पेशंटसाठी आहे. तो सहन करायचा, नंतर आभारही मानायचे. पण तुझ्या लायकीवर, घरावर, बुद्धीवर बोललं गेलं तर त्यात शिकवणं काहीच नाही. बोलणारी व्यक्ती स्वतः थकलेली असेल, तिच्याकडे चाळीस पेशंट आणि दोनच हात असतील, तिलाही तिच्या दिवसांत असंच बोललं गेलं असेल. मला हे सगळं समजतं. तरी ते चूकच आहे. अपमान झालेली मुलगी विचारायला घाबरते, आणि न विचारता केलेलं काम पेशंटच्या अंगाशी येतं. तुझी सुई लपवली गेली ती याच भीतीने, हे त्या सिस्टरना कुणीतरी सांगायला हवं.

तू काय करायचंस? त्या क्षणी काही नाही. अर्ध्या-एक तासाने, त्या जरा मोकळ्या दिसल्या की जाऊन विचार, "सिस्टर, मघाशी माझं नेमकं काय चुकलं ते एकदा दाखवाल का?" माझा अनुभव असा, की निम्म्याहून जास्त वेळा समोरचं माणूस या प्रश्नाने नरमतं, आणि एकदा नीट दाखवतं. नाहीच नरमलं, आणि असं वारंवार होत राहिलं, तर वहीत तारीख, वेळ, शब्द काय होते आणि समोर कोण होतं एवढं लिहून ठेव, स्वतःची टिप्पणी न घालता. ते घेऊन तुझ्या ट्यूटरकडे जा. एकटीने जाऊ नकोस. हे तुझ्या एकटीबरोबर होत नसणार, आणि तिघी जणी गेल्या की "ही जरा हळवी आहे" असं म्हणून विषय संपवता येत नाही.

आणखी एक, याच्याशी जोडलेलं. जे काम तुला येत नाही किंवा जे तू अजून कुणाच्या देखरेखीखाली केलेलं नाहीस, ते सांगितलं गेलं तर "मी हे अजून एकटीने केलेलं नाही, तुम्ही सोबत उभ्या राहाल का?" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. यात कमीपणा नाही. विद्यार्थिनीने हे म्हटलं की मी त्या मुलीवर जास्त विश्वास टाकते.

आता आजोबा.

यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, आणि कसं लिहावं ते नीट सुचत नाहीये. तू नऊ दिवस त्यांचं सगळं केलंस म्हणतेस. म्हणजे अंग पुसलंस, कूस बदललीस, तोंड धुतलंस, कदाचित केस विंचरलेस. त्यांनी तुला "सिस्टर" म्हणून हाक मारली असेल, आणि ती हाक खरी वाटायला लागली असेल. मग तू सुट्टीवर होतीस आणि ते गेले. परत आलीस तर नवी चादर, नवा माणूस, आणि तीन शब्द. तुला रडू आलं नसतं तर मला नवल वाटलं असतं.

तू विचारतेस, दगड व्हावं लागतं का? हा प्रश्न तुझ्या आधी बऱ्याच जणींनी विचारला आहे. लंडनच्या एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात इझाबेल मेंझीस नावाच्या मानसविश्लेषक बाईंनी नर्सेसच्या कामाचा अभ्यास केला, तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या विद्यार्थिनींपैकी जवळजवळ एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडत होत्या, आणि सोडणाऱ्यांत चांगल्या, या कामाला योग्य अशा मुलीही बऱ्याच होत्या. मेंझीस बाईंना असं दिसलं, की आजार आणि मृत्यू इतक्या जवळून बघण्याची धास्ती टाळायला रुग्णालयाने नकळत काही रिवाज तयार केले होते. एका नर्सकडे एक पेशंट पूर्ण द्यायचा नाही, कामाचे तुकडे करायचे. विद्यार्थिनींना सारखं या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवायचं. आणि पेशंटला नावाने न ओळखता बेडच्या नंबराने किंवा आजाराने ओळखायचं, "दहा नंबरचं लिव्हर" असं. या सगळ्याने धास्ती कमी झाली नाही, नुसती झाकली गेली, आणि माणसाची काळजी घेण्यात जे समाधान असतं तेही त्याबरोबर गेलं, असं त्यांचं म्हणणं.

वॉर्डात नंबर वापरावे लागतात, मीही वापरते, ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरना द्यायची ती त्याशिवाय देता येत नाही. पण औषधं मोजायला लागलेल्या त्या सिस्टरकडे या नजरेतून एकदा बघ. मला नाही वाटत त्या दगड आहेत. आजोबा त्यांच्यासमोर गेले असतील. कदाचित त्यांनीच शेवटचं सगळं आवरलं असेल, घरच्यांना आत घेतलं असेल, आणि लगेच पुढच्या पेशंटकडे वळल्या असतील, कारण थांबायला कुणी वेळ दिला नाही. काही रुग्णालयांत आता पेशंट गेल्यावर खोलीतले सगळे, डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, एक मिनिटभर हातातलं काम थांबवून शांत उभे राहतात. एवढंच. मग कामाला लागतात. हे सगळीकडे व्हावं असं मला फार वाटतं. तुझ्या वॉर्डात होत नसेल, पण तुला एक करता येईल. त्या दिवशी ड्युटीवर कोण होतं ते शोध आणि त्यांना निवांत वेळी विचार, "ते आजोबा कसे गेले? कुणी होतं का जवळ?" आपण नसताना गेलेल्या माणसाबद्दल मन जे चित्र रंगवतं ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भीषण असतं. खरं कळलं की निदान त्या चित्राला कड मिळते. आणि तुझ्या प्रश्नाने त्या सिस्टरनाही बोलायला जागा मिळेल. मी पैजेवर सांगते, त्यांना आजोबांचं नाव आठवत असणार.

पेशंटसमोर किंवा नातेवाइकांसमोर डोळ्यांत पाणी आलं तर काय, असं मुली मला नेहमी विचारतात. येऊ दे. एवढंच पाहा, की त्यांना उठून तुमची समजूत घालायची वेळ येऊ नये. तशी वेळ येईल असं वाटलं तर दोन मिनिटं बाहेर जा आणि परत या. परत येणं महत्त्वाचं.

जे कुणाशी बोलता येत नाही ते लिही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्या झाल्या मुलांना उलट जास्त उदास वाटलं. पण पुढच्या महिन्यांत, ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं त्यांना डॉक्टरकडे कमी जावं लागलं. तू हे करून बघ, पण कॉलेजला द्यायच्या डायरीत नाही, वेगळ्या कागदावर. शुद्धलेखन बघू नकोस. पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काही लिहू नकोस, आणि मोबाइलवर कुठे टाकू नकोस. पहिल्या दिवशी जड वाटलं म्हणून सोडू नकोस.

ड्युटी बुडवण्याबद्दल मी रागावणार नाही. पण एक सांगते. त्या दोन दिवशी सकाळी, जायचं नाही असं ठरल्यावर, तुला हायसं वाटलं असेल. आणि संध्याकाळपर्यंत उद्याची भीती कालच्यापेक्षा मोठी झाली असेल. बरोबर ना? टाळण्याचं हेच होतं. तैवानमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगवर २००२ साली एक अभ्यास झाला, त्यातही टाळाटाळ करणाऱ्यांची तब्येत आणि मन जास्त बिघडलेलं दिसलं, आणि अडचण सोडवायला हात घालणाऱ्यांचं सुधारलेलं. अख्खी ड्युटी टाळण्यापेक्षा ट्यूटरला सांग, "मला या आठवड्यात बीपी आणि इंजेक्शन कुणाच्या तरी सोबत करायचं आहे." हे मागणं इतकं छोटं आहे की नाही म्हणायला कुणाला कारण सापडत नाही.

झोपेचं थोडक्यात. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हात दारू प्यायल्यासारखे मंदावतात, हे १९९७ मध्ये मोजून दाखवलेलं आहे. तेव्हा केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा, पुरा करायला रात्र जागवून सकाळच्या ड्युटीला जाऊ नकोस. अपुरा केअर प्लॅन चालतो, पेंगत भरलेलं इंजेक्शन चालत नाही. कॉफीचा अर्धा अंमल पाच तासांनंतरही अंगात असतो, म्हणून दुपारनंतर बंद. ड्युटीवरून आल्यावर गणवेश बदलल्याशिवाय पलंगावर बसायचं नाही, असा मी माझ्यापुरता नियम केला होता. वॉर्ड दाराशी ठेवल्यासारखं वाटायचं. आणि एक गोष्ट निक्षून सांगते, वॉर्डातली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने कधीही घ्यायची नाही, एकही नाही, मैत्रिणीने दिली तरी नाही. ती आपल्या हाताशी असते, डोस आपल्याला माहीत असतो, म्हणूनच आपल्याला तिचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे.

मी सांगितलेलं सगळं करूनही दोन आठवड्यांत झोप आणि भूक परत आली नाही, ज्यात आधी मन रमायचं त्यात रमेनासं झालं, किंवा कधी "आपण नसलेलंच बरं" असा विचार डोक्यात आला, तर हे सदर वाचत बसू नकोस. समुपदेशकाकडे, डॉक्टरकडे जा. तसा विचार आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांग आणि एकटी राहू नकोस. आपल्या पेशंटने छातीत दुखतंय हे लपवलं तर आपल्याला काय वाटतं, ते आठव.

आणि सोडायचं की नाही? या पोस्टिंगमध्ये असताना ठरवू नकोस. नाइट करून आल्यावर तर अजिबात नाही. दुसरा वॉर्ड बघ, लहान मुलांचा, प्रसूतीचा, ऑपरेशन थिएटर. प्रत्येक ठिकाणचा जीव वेगळा आहे. मेडिसिनला रोज रडणारी माझी एक विद्यार्थिनी डायलिसिसमध्ये अशी रुळली, की पेशंट तिच्या ड्युटीप्रमाणे आपला वार मागून घेतात. त्यानंतरही तुला वाटलं की हे आपलं काम नाही, तर सोड, मान वर करून सोड. मी तुला कमी लेखणार नाही. पण "मला फार वाटतं म्हणून मी नालायक" हे कारण देऊन सोडणार असशील तर ते मला मान्य नाही.

मंगळवारपासून तुझी परत सकाळची ड्युटी आहे. दहा मिनिटं आधी जा. चौदा नंबरला जे आहेत त्यांना तुझं नाव सांग आणि त्यांचं विचार. रात्री झोप लागली का ते विचार. मग खुर्ची ओढून बस, उभ्याने नको, आणि त्यांची नाडी बघ, पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून. आकडा लिहून ठेव आणि मला कळव.

तुझी,
सिस्टर